स्टॅग लेनची टायपिस्ट

लंडनला लेकीकडे गेले की सकाळी फिरायला जायचं आणि येताना दूध-ब्रेड घेऊन यायचं, हा माझा ठरलेला क्रम. तिचं घर शहराच्या वायव्येला, एजवेअर आणि क्वीन्सबरीच्या मधल्या भागात आहे. जोडीजोडीने एकमेकांना चिकटलेली कौलारू घरं, पुढे हातभर बाग, मागे त्याहून थोडी मोठी बाग, कोपऱ्यावर गुजराती दुकान आणि त्यात भेंडी-गवारीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं. पाहुणा आला तर त्याला या वस्तीत काय दाखवावं, असा प्रश्नच पडावा. पहिल्या दोन खेपांना मलाही इथे काही पाहण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला एका पाटीवर नजर अडकली. मॉलिसन वे. त्याच भागात पुढे दुसरी पाटी दिसली, डी हॅविलँड रोड. इतरांना ही नावं म्हणजे रस्त्यांची नावं, एवढंच. पण मी विलेपार्ल्यात वाढलेली. जुहूच्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभं राहण्यात माझं अर्धं बालपण गेलं. विमानांविषयी जे हाती पडेल ते मी वाचत आले आहे. ही दोन्ही नावं विमानांच्या जगातली होती, आणि ती या दुधा-ब्रेडच्या वाटेवर काय करत होती, हे मला कळेना. जावयाला विचारलं. तो याच भागात कितीतरी वर्षं राहतो, पण त्यालाही ठाऊक नव्हतं. मग ग्रंथालय गाठलं आणि उरलेली सुट्टी एका बाईच्या सहवासात घालवली. त्या बाईला जाऊन आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तिचं नाव एमी जॉन्सन.

लेकीचं घर ज्या वस्तीत आहे, तिथे एके काळी विमानं उतरत. त्या मैदानाचं नाव स्टॅग लेन. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, वैमानिकांच्या शिक्षणासाठी इथली शेतजमीन सपाट केली गेली. युद्ध संपल्यावर जेफ्री डी हॅविलँड या विमान-रचनाकाराने १९२० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि हे मैदान आपलंसं केलं. सरकारी नव्हे, लष्करी नव्हे, एका खासगी कंपनीचं गवताळ मैदान. एका कडेला कारखान्याच्या शेड, बाकी हिरवळ. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी त्या हिरवळीवरून मॉथ नावाचं एक छोटं विमान पहिल्यांदा उडालं. लाकूड आणि कापडाचं, दोन माणसांचं, उघड्या बैठकीचं. त्याचे पंख पतंगासारखे मागे मिटत. मग ते मोटारीच्या मागे बांधून ओढत न्यावं आणि घराशेजारच्या शेडमध्ये ठेवावं! त्याच वर्षी सरकारने हौशी उड्डाण-क्लबांना अनुदान द्यायचं ठरवलं आणि स्टॅग लेनवर लंडन एअरोप्लेन क्लब सुरू झाला. विमान ही केवळ सैनिकांची आणि लक्षाधीशांची वस्तू असते, हा समज तिथे थोडा सैल झाला.

तिकडे उत्तरेला, हल नावाच्या बंदरात, १ जुलै १९०३ रोजी एमीचा जन्म झाला होता. वडील मासळीचे घाऊक व्यापारी. चार बहिणींत ही थोरली. घरात खाऊनपिऊन सुख होतं, पण पोरगी हूड, आणि शाळेत मुलींना शोभेल तेवढंच करावं हे तिला कधी पटलं नाही. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली. पुढे काय, हा प्रश्न त्या काळातल्या शिकलेल्या मुलीपुढे असायचा तसाच तिच्यापुढेही होता. शाळेत शिकवायला जा, नाही तर टायपिंग शीक. ती टायपिंग शिकली आणि लंडनला एका सॉलिसिटरच्या कचेरीत नोकरीला लागली.

इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले, हे कबूल करते. मी स्वतः तीस वर्षं फोर्टमधल्या सॉलिसिटरच्या कचेरीत स्टेनो होते. करारनाम्यांच्या चार-चार प्रती, कार्बनने काळी झालेली बोटं आणि साहेबांच्या टेबलावरची घंटा, हे आयुष्य मला नव्याने कुणी सांगायला नको.

एमीच्या मनाची अवस्थाही त्या दिवसांत फारशी बरी नव्हती. ज्याच्यावर तिने कित्येक वर्षं जीव लावला होता, त्या स्विस तरुणाने १९२८ मध्ये दुसरीशीच लग्न केलं. त्याच वर्षीच्या वसंतात, एका सुट्टीच्या दुपारी, ती बसमध्ये बसून शहराबाहेर आली आणि स्टॅग लेनला उतरली. कुंपणाच्या आत आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या, डोक्यावर मॉथ घिरट्या घालत होते. ती सरळ आत गेली, एका खुर्चीत बसली आणि विमानं बघत राहिली. कुणी तिला हटकलं नाही. मग तिने चौकशी केली. अनुदानामुळे शिकवणीचा दर तासाला सुमारे तीस शिलिंग होता. टायपिस्टच्या पगाराला तो जड होता, पण अशक्य नव्हता. १५ सप्टेंबर १९२८ रोजी तिने पहिला धडा घेतला.

ती उपजत वैमानिक होती, असं म्हणायला जागा नाही. उलट सुरुवातीच्या शिक्षकाला तिच्यात काही दम दिसला नाही. एकटीने विमान उडवण्याची परवानगी मिळायला तिला जवळजवळ सोळा तासांची शिकवणी लागली. इतरांना लागायची त्याहून बरीच जास्त. पण ती चिकट. जुलै १९२९ मध्ये परवाना मिळाला, तेव्हा तिचं लक्ष हवेकडून जमिनीकडे वळलं होतं. क्लबचे मुख्य मेकॅनिक जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती इंजिन खोलायला-जोडायला शिकू लागली. पहाटे हँगरमध्ये जायचं, तेलात हात बुडवायचे आणि मग हात घासून धुऊन कचेरीत टायपिंगला बसायचं. हँगरमधली मंडळी तिला पुरुषी नावाने, जॉनी म्हणून हाक मारू लागली. तिथे हीच पसंतीची पावती होती. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचा अकाली मृत्यू झाला. ते दुःख उरात ठेवून, नोकरी सोडून, ती पूर्ण वेळ हँगरमध्ये राबली. डिसेंबर १९२९ मध्ये तिला विमान-मेकॅनिकचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

पण नोकरी? विमान उडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या बाईला नोकरी कोण देणार होतं! तेव्हा काहीतरी असं करून दाखवायचं की लोकांना दुर्लक्ष करताच येऊ नये, असं तिने ठरवलं. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचं. तोवर इंग्लिश खाडीही तिने कधी ओलांडली नव्हती, आणि पदरी उड्डाणाचे जेमतेम ८५ तास होते. तिने पत्रांमागून पत्रं पाठवली. शेवटी तेलसम्राट लॉर्ड वेकफील्ड यांनी निम्मे पैसे दिले, निम्मे वडिलांनी. एक जुना जिप्सी मॉथ ६०० पौंडांना विकत घेतला. त्याचं नाव ठेवलं जेसन. हे नाव पुराणातून आलेलं दिसतं, पण आलं ते वडिलांच्या मासळीच्या छापावरून. बापलेकीचं नातं या एका नावात मला दिसतं.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली. निरोपाला वडील आणि मूठभर मित्र. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, वाळूच्या वादळातून बगदाद, बंदर अब्बास, आणि सहाव्या दिवशी कराची. तोवरच्या विक्रमाहून दोन दिवस कमी! आता कुठे वर्तमानपत्रं जागी झाली. कालपर्यंत तिची दखल न घेणारे आता तिची वाट पाहू लागले.

योगायोग असा की त्याच मे महिन्यात इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या हवाई वाटेवर आपलीही माणसं होती. एकट्याने हे अंतर कापणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, आणि जे. आर. डी. टाटा व अस्पी इंजिनीअर हे दोन पारशी तरुण त्यासाठी विरुद्ध दिशांनी उडत होते. दोघांकडेही जिप्सी मॉथच. वाटेत भेट झाली तेव्हा टाटांनी अस्पींना इंजिनाचे प्लग दिले आणि बक्षीस अस्पींनी जिंकलं. हेच अस्पी पुढे आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. स्टॅग लेनच्या त्या हिरवळीने किती जणांना पंख दिले, हे पाहिलं की मन थक्क होतं.

कराचीहून एमी अलाहाबादला निघाली, पण इंधन संपत आलं. खाली दिसली ती झाशी. आपल्या राणी लक्ष्मीबाईची झाशी! लष्कराच्या परेड मैदानावर ती उतरली आणि विमान बराकींपर्यंत घसरत गेलं. पंख दुखावला. तो ठाकठीक करून ती दुसऱ्या दिवशी अलाहाबादमार्गे कलकत्त्याला पोचली. रंगूनजवळ पावसात ती एका तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि खड्ड्यात गेली. पंख्याचं पातं मोडलं. बरोबर बांधून आणलेलं जादा पातं तिने तिथे बसवलं, आणि फाटलेल्या पंखाला शर्टांच्या कापडाची ठिगळं लावण्यात आली. जावात बांबूच्या खुंट्यांनी पंख फाटला, तर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने तो सांधला. हँगरमध्ये पहाटे घालवलेला एकेक तास तिच्या कामी आला. विक्रम काही झाला नाही. मोसमी पावसाने आणि मोडतोडीने आघाडी खाऊन टाकली. पण २४ मे १९३० रोजी, साडेएकोणीस दिवसांत सुमारे ११,००० मैल कापून ती डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी पहिली स्त्री.

त्यानंतर जे झालं त्याची तयारी कुठल्याही हँगरमध्ये होत नाही. सत्कार, गाणी, राजाचा सन्मान, एका दैनिकाकडून १०,००० पौंड. ऑगस्टमध्ये ती क्रॉयडनला परतली तेव्हा अफाट गर्दी लोटली होती. तीन महिन्यांपूर्वी मूठभर माणसं होती तेच हे ठिकाण. दैनिकाने आखलेला देशभरचा सत्कार-दौरा तिच्याने पुरा झाला नाही. ती थकून कोसळली. सिडनीच्या शाळकरी मुलांनी तिला दिलेल्या पैशांतून तिने सोन्याचा एक करंडक करवून घेतला आणि धाडसी मुलासाठी दर वर्षी द्यायला म्हणून हल गावाला देऊन टाकला. तिच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मला ही गोष्ट अधिक आवडते.

१९३१ मध्ये ती गुरू हम्फ्रीज यांना घेऊन मॉस्कोमार्गे टोकियोला गेली. १९३२ मध्ये जिम मॉलिसन या स्कॉटिश वैमानिकाशी तिने लग्न केलं आणि चार महिन्यांत केपटाऊनपर्यंतचा त्याचाच विक्रम मोडला. तिचं ते विमान पस मॉथ, स्टॅग लेनचंच. त्याच्या आदल्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलं तेही पस मॉथच. १९३३ मध्ये नवराबायको दोघं अटलांटिक ओलांडून गेले आणि न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर असताना इंधनाअभावी आपटले. १९३४ च्या ऑस्ट्रेलिया शर्यतीत कराचीपर्यंत सर्वांत पुढे होते, पण अलाहाबादला इंजिनाने दगा दिला. दोघंही नामवंत, दोघंही हट्टी, त्यात त्याची दारू. १९३८ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचं आडनाव पुन्हा लावलं. ज्या मैदानावर ती घडली, त्या परिसरातल्या रस्त्याला मात्र तिने टाकून दिलेलं ते आडनाव आहे.

आता त्या मैदानाचं काय झालं, ते सांगायला हवं.

एमी ज्या भागात बसने येऊ शकली, तो भाग तिच्या आधी काही वर्षांपर्यंत खेडेगाव होता. १९२४ मध्ये भुयारी रेल्वे वाढून कोलिंडेल, बर्न्ट ओक, एजवेअरपर्यंत आली. रेल्वेमागोमाग बस आली, बसमागोमाग दुकानं, दुकानांमागोमाग घरं. बर्न्ट ओकला लंडनच्या कौन्सिलने कामकरी कुटुंबांसाठी चार हजारांवर घरं उभी केली. बाकीची शेतं खासगी बिल्डरांनी घेतली. मैदानाभोवती धुराडी उगवू लागली. नवशिक्यांची विमानं लोकांच्या छपरांवरून जाऊ लागली आणि जमिनीची किंमत अशी वाढली की तिच्यावर गवत ठेवणं परवडेना. डी हॅविलँडने शहाणपणाने १९३० मध्येच लंडनपासून दूर हॅटफील्डला जागा घेऊन ठेवली आणि स्टॅग लेनचं मैदान घरबांधणीसाठी विकलं. जुलै १९३४ मध्ये शेवटचं विमान तिथून उडालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्वीन्सबरीचं स्टेशन उघडलं. विमानतळ जाऊन स्टेशन यायला पुरते सहा महिनेही लागले नाहीत! कारखान्यात इंजिनांचं काम पुढे बरीच वर्षं चाललं, पण हिरवळ संपली.

हे एकट्या स्टॅग लेनचं दैव नव्हतं. पश्चिमेला हेस्टनचा खासगी विमानतळ १९२९ मध्ये थाटात उघडला. आज त्या जागेतून मोटारींचा हमरस्ता धावतो. आणि ज्या हॅटफील्डकडे डी हॅविलँड पळून गेले, तेही १९९० च्या दशकात बंद पडलं. तिथे आता घरं आहेत, कचेऱ्या आहेत आणि विद्यापीठ आहे.

या सगळ्यात खलनायक कोण? मी पुष्कळ विचार केला, मला कुणी सापडला नाही. कोंदट गल्ल्यांतून आलेल्या माणसाला दोन खोल्या आणि हातभर बाग मिळाली, यात वाईट काय? माझी लेक त्याच घरांपैकी एकात सुखाने राहते, मागच्या बागेत मेथी पेरते. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या बसने एका टायपिस्टला विमानापर्यंत आणलं, त्याच बसने पुढे घरं आणली आणि विमानं घालवली. स्टॅग लेन शहराला चिकटून होतं म्हणून एमी घडली, आणि शहराला चिकटून होतं म्हणूनच ते गेलं. क्लब हॅटफील्डला गेला, श्रीमंतांच्या मोटारीही गेल्या. बसने येणारी मुलगी मात्र मागे राहिली असणार. अशा मुलींची कुठे नोंद होत नाही.

एमीचा शेवट तिला साजेसा आणि तरी चटका लावणारा. विक्रमांचा काळ संपला तेव्हा ती दक्षिण किनाऱ्यावरून वाइट बेटावर प्रवासी नेणाऱ्या एका छोट्या हवाई कंपनीत साधी वैमानिक म्हणून काम करू लागली. जगप्रसिद्ध बाई, आणि काही मिनिटांची फेरी. तिने ते काम कमी मानलं नाही. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये, कारखान्यातून तळांपर्यंत विमानं पोचवणाऱ्या दलात ती दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी, बहिणीकडे रात्र काढून, ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे निघाली. हवा वाईट होती. ती वाट सोडून कितीतरी पूर्वेला, थेम्सच्या मुखावर पोचली आणि पॅराशूटने गोठत्या पाण्यात उतरली. तिला वाचवायला वॉल्टर फ्लेचर या नौदल अधिकाऱ्याने बोटीवरून उडी घेतली. थंडीने त्यांचाही प्राण गेला. तिचा देह कधीच सापडला नाही. वय ३७.

आता माझी गोष्ट, दोन ओळींत. १९७० च्या दशकात, नोकरी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, मी एका रविवारी जुहूला गेले. पर्समध्ये साठवलेले पैसे होते. आत पुष्पक विमानं उभी होती. फाटकावरच्या माणसाने अदबीनेच विचारलं की कुणाला भेटायचं आहे. मी म्हटलं, कुणाला नाही, आणि परत फिरले. दोष त्याचा नव्हता. आत जाऊन खुर्चीत बसायची हिंमत माझी झाली नाही. आज जुहूची धावपट्टी उंच इमारतींच्या वेढ्यात जागेवर आहे. तिथे प्रामुख्याने हेलिकॉप्टर उतरतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं विमान उडवायचं शिक्षण धुळ्याला गेलं. पार्ल्याच्या मुलीला आता बसने नव्हे, बिस्तरा बांधून जावं लागतं. जाणाऱ्या जातातही, त्यांचं मला कौतुक आहे. पण रविवारच्या दुपारी उगाच कुंपणापाशी जाऊन उभं राहणं आणि त्यातून आयुष्य बदलणं, ही सोय त्यात नाही.

परत यायच्या आदल्या रविवारी अकरा वर्षांच्या नातीला घेऊन मी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेले. तिथे जेसन आहे. गर्द हिरवा, आणि कल्पनेपेक्षा कितीतरी लहान. नात बराच वेळ पाहत राहिली आणि तिने एकच प्रश्न विचारला, हे आपल्या गॅरेजमध्ये मावलं असतं का? मी सांगितलं, पंख मिटवले तर रुंदी जेमतेम दहा फूट भरेल. घरी आल्यावर तिने टेप घेऊन गॅरेजचं दार मोजलं. दोन फूट कमी पडले.